विष उतरले, तरी धोका उरतो

कापसावर फवारणीचे दिवस आले की अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "काल जरा चक्कर आली होती, आज बरा आहे. निघतो फवारायला." पण बरे वाटणे आणि शरीर सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेकांचे प्राण गेले. हे विष शरीरात जाऊन नेमके काय करते, हे प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे.

क्लोरपायरिफॉसचेच उदाहरण घ्या. पिकावरच्या किडीला आणि वाळवीला मारणारे हे औषध श्वासातून, तोंडातून आणि कातडीतूनही आत शिरते. यकृत त्याचे रूप बदलते आणि त्यातला काही भाग मुळापेक्षाही जहाल होतो. नसांकडून स्नायूंना मिळणारा इशारा वेळीच थांबवणारे एक एन्झाइम असते. हा जहाल भाग त्यालाच जखडून टाकतो. मग लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात, स्नायू थरथरतात, शेवटी श्वास अडकतो.

त्याच वेळी दुसरी एन्झाइमे या विषाचे तुकडे करत असतात. ते तुकडे पाण्यात विरघळून लघवीवाटे बाहेर पडतात. साधारण २७ तासांत निम्मा भाग निघून जातो. पण जखडलेल्या एन्झाइमची भरपाई व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर थोडीशी फवारणीही जिवावर बेतू शकते.

विषाचे तुकडे करण्याची ही ताकद तान्ह्या बाळात फार कमी असते. म्हणून शेतातून आलेल्या अब्बांनी लेकराला उचलण्याआधी कपडे बदलून साबणाने अंघोळ करावी. ते कपडे वेगळे ठेवावेत आणि धुणाऱ्या अम्मीने रबरी हातमोजे घालावेत.

विषबाधा झाल्यास दूध-लिंबू पाजण्यात किंवा ओकारी काढण्यात वेळ दवडू नका. कपडे उतरवा, अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा. तिथे अ‍ॅट्रोपिनसारखे उपचार मिळतात. घरी परतल्यावरही डॉक्टर परवानगी देईपर्यंत पंप पाठीवर घेऊ नका. मजुरी बुडते हे खरे. पण बुडालेली मजुरी पुढच्या हंगामात भरून निघते, घरातला माणूस नाही.