धर्मयोद्ध्यांची धान्यकोठारे

टेम्पलर म्हटले की पांढऱ्या झग्यावरचा तांबडा क्रूस, जेरुसलेमच्या वाटेवरचे किल्ले आणि गुप्त खजिन्याच्या कादंबऱ्या एवढेच आपल्याला आठवते. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातले क्रेसिंग टेम्पल पाहायला मीही गेलो तो तट-बुरुजांच्या अपेक्षेने. समोर उभी राहिली ती दोन धान्यकोठारे. एक जवाचे, दुसरे गव्हाचे. पहिल्या पाच मिनिटांत माझी निराशाच झाली, हे कबूल केले पाहिजे.

व्रतस्थ सैनिकांचा हा संघ लढला पूर्वेकडे; त्याचे पोट मात्र युरोपातल्या शेतीवर भरत होते. घोडे, हत्यारे, किल्ल्यांची डागडुजी यांचा खर्च दान मिळालेल्या जमिनींतून निघे, आणि नियमाप्रमाणे उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा तिकडे रवाना होई. क्रेसिंगची जमीन स्टीफन राजाची राणी मटिल्डा हिने ११३७ साली दिली. ११८५ मध्ये संघाने इंग्लंडमधल्या आपल्या मालमत्तेची जंत्री करवली. कोणत्या गावी कोणाकडे किती जमीन, तो खंड काय देतो, वेठीचे काम किती करतो, असा तो मजकूर. त्याच वर्षी लंडनमधल्या त्यांच्या वर्तुळाकार चर्चचा अभिषेक जेरुसलेमच्या धर्मप्रमुखाच्या हस्ते झाला. चर्च पाहायला रीघ लागते. ज्या खंडावर ते उभे राहिले त्याची जंत्री कोण वाचतो?

जवाच्या कोठाराचे ओक तेराव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात तोडलेले, गव्हाच्याचे त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. गव्हाचे कोठार लांबीला चाळीस मीटरच्या घरात. प्रत्येकाला पाचशेच्या आसपास झाडे लागली असावीत, असा अंदाज आहे. आत गेले की खांबांच्या दोन रांगा, मध्ये उंच भाग आणि दोन्ही अंगांना पडव्या. मांडणी चर्चचीच. फक्त वेदीच्या जागी पेंढ्या, आणि प्रार्थनेच्या जागी मळणी. भरलेली गाडी थेट आत यावी म्हणून दारे तेवढी प्रचंड.

मला खरे थांबवले ते सांध्यांनी. लाकूड ओले असतानाच कुऱ्हाडीने तासून जोडलेले. ते जागेवर वाळले आणि सांधे आणखी आवळले गेले. कूस आणि खोबण आपल्या सुतारांनाही ठाऊक आहे. इथला खास सांधा वेगळा. तिरप्या आधाराचे टोक खांबावर अर्धे बसवायचे आणि त्याच्या कडेला एक खाच ठेवायची, म्हणजे कितीही ओढ बसली तरी ते निसटत नाही. जवाच्या कोठारात ही खाच उघडी दिसते. गव्हाच्या कोठारात ती आत दडवलेली आहे. दोन पिढ्यांत हात किती सुधारला, ते तिथे बोट ठेवून पाहता येते.

हे सांधे वाचायला शिकवले ते सेसिल ह्यूएट या एसेक्समधल्या शिक्षकाने. १९६० च्या दशकात त्याने नुसत्या सुतारकामावरून ही कोठारे तेराव्या शतकातली ठरवली, तेव्हा अनेक जाणकारांनी मान हलवली. लाकडी बांधकाम इतके जुने कसे असेल? पुढे किरणोत्सर्गी कार्बन आणि वृक्षवलये यांच्या तपासणीने काळ त्याच्याच बाजूने झुकला. कागदपत्रांच्या अभ्यासकांपेक्षा लाकडाला हात लावणारा माणूस बरोबर निघाला, याचा मला थोडा खासगी आनंद होतो.

१३०८ मध्ये इंग्लंडमधले टेम्पलर पकडले गेले, १३१२ मध्ये संघच मोडला आणि क्रेसिंग हॉस्पिटलरांकडे गेले. १३८१ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचे बंड उसळले. हॉस्पिटलरांचा इंग्लंडमधला प्रमुख रॉबर्ट हेल्स हाच राज्याचा खजिनदार; डोईपट्टीचा राग त्याच्यावर निघाला. जमावाने क्रेसिंगच्या वाड्याची लूट आणि नासधूस केली, आणि काही दिवसांतच लंडनमध्ये हेल्सचे डोके उडवले. कोठारे मात्र वाचली. जूनमध्ये नवे पीक अजून शेतातच असते आणि त्या पिकाला कोठार लागणारच होते. बंडखोरांच्या मनात हे आले असेल, असा माझा तर्क आहे.

आज तिथे प्रार्थनामंदिर नाही, टेम्पलरांचा वाडा नाही. दगडी बांधाची तेराव्या शतकातली विहीर आहे, १९८७ पासून ती जागा परगण्याच्या ताब्यात आहे. मी निघालो तेव्हा गव्हाच्या कोठारात एक मुलगा खांबाला मिठी मारून हात पुरतात का ते पाहत होता. पुरत नव्हते.