परसातील भाजीचे सोबती

पेण तालुक्यात भातकापणी उरकून शेतात वाल पडला, की घरच्या परसाकडे लक्ष जाते. वांगी, टोमॅटो यांच्या कडेने झेंडू, तुळस, कोथिंबीर लावावी, म्हणजे कीड फिरकत नाही, असे हल्ली जो तो सांगतो. यात तथ्य किती, हे पाहणे अवश्य आहे. कारण परसात सकाळी औषध फवारलेले वांगे सायंकाळी चुलीवर चढावयास वेळ लागत नाही.

आम्ही पहिल्या वर्षी टोमॅटो व झेंडू यांचे बी एकाच दिवशी टाकले आणि रोपेही बरोबरच लावली. टोमॅटो फुलावर आला तेव्हा झेंडूस कळीही नव्हती. अळीने निम्मी फळे पोखरली व आम्ही झेंडूस बोल लावला. चूक आमची होती. या अळीच्या पतंगाची मादी झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालते खरी, परंतु ती फुले वेळेवर हवीत. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे की, टोमॅटोच्या १६ ओळींस झेंडूची १ ओळ असावी, आणि लावणीच्या दिवशी झेंडूचे रोप ४० दिवसांचे व टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे. परसात सोळा ओळी कोठून असणार! आम्ही चार सऱ्यांस एक ओळ देतो. अळी पडलेल्या कळ्या रोज खुडून नष्ट कराव्या लागतात. एरवी झेंडू हा अळीचे माहेरच होऊन बसतो.

झेंडूच्या मुळांतील द्रव्याने सूत्रकृमी हटतात, हेही खरे. तथापि त्याकरिता वाफाभर दाट झेंडू दोन-तीन महिने उभा ठेवून मागाहून त्याच जागी वांगी लावावी लागतात. कडेच्या चार झाडांनी ते काम होत नाही.

कोथिंबिरीचा उपयोग ती फुलल्यावर. तिच्या फुलांवर मावा खाणारे ढालकिडे व अळ्यांचा नाश करणाऱ्या बारीक गांधीलमाशा येतात. घरातून मात्र ‘जून झाली, उपटा’ असा तगादा असतो. म्हणून एक ओळ खाण्यास व एक फुलण्यास राखावी.

तुळशीविषयी आमचे मन भाविक आहे. तरी तिच्यामुळे वांग्याची शेंडेअळी हटलेली आम्ही पाहिली नाही. सुकलेला शेंडा अळीसकट खुडून जाळणे, हाच तेथे उपाय.

कार्तिकात लावणी करावयाची तर झेंडूचे बी आश्विनातच टाकले पाहिजे. दसरा-दिवाळीस तोडून थकलेल्या झाडांच्या भरवशावर राहू नये. त्या दिवसांत परतीच्या सरी येतात, म्हणून रोपांचा वाफा वीतभर उंच करावा.