ऑर्कच्या बंडीवर काउंटीचे पट्टे

ऑर्कच्या पोटावर बंडीला तीन चुण्या आहेत आणि काळा पट्टा त्या तिन्ही चुण्यांवरून खाली उतरायला हवा. सरळ रेघ मारली तर कापड कापड वाटत नाही. म्हणून शेजारचे काका रेघ मारतच नाहीत. उंचवट्यावर एक ठिपका, खळगीत एक ठिपका, पुन्हा उंचवट्यावर एक, आणि मग ते ठिपके जोडत जातात. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. श्वास सोडताना ब्रश टेकतो, घेताना उचलला जातो. सत्तरी उलटलीय, पण हात हलत नाही.

"आधी पांढरा, मग काळा," माझ्याकडे न बघताच ते सांगतात. "काळ्यावर पांढरा चढवायला बसलीस तर चार-चार हात द्यावे लागतात, डक." नॉटिंगहॅमची ही पिढी सगळ्यांनाच 'डक' म्हणते. मला, माझ्या भाचीला, पोस्टमनलाही. भाची त्यांना सरळ नावानं हाक मारते. माझ्या जिभेला ते जमत नाही, म्हणून माझ्यासाठी ते काकाच.

आम्ही वेस्ट ब्रिजफर्डमध्ये, काकांच्या घरामागच्या काचेच्या खोलीत बसलोय. बहिणीनं जेवणाच्या टेबलावर रंगांना बंदी घातल्यापासून भाचीचं सैन्य इथेच मुक्कामाला असतं. इथून चालत जावं इतक्या अंतरावर ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान आहे. 1996 साली सचिननं 177 काढले ते, आणि 2007 साली जेली बीन्सच्या थट्टेनं भडकलेल्या झहीरनं इंग्लंडला लोळवलं तेही. पण या खोलीत भाव फुटबॉलला, क्रिकेटला नाही. नदीच्या या काठावर नॉटिंगहॅम फॉरेस्टचं सिटी ग्राउंड, त्या काठावर नॉट्स काउंटीचं मेडो लेन. मधे ट्रेंट आणि फार तर तीनशे यार्डांचं अंतर. भाची फॉरेस्टची. काका काउंटीचे, म्हणजे 1862 पासूनच्या क्लबचे, आणि ते साल बोलण्यात आणल्याशिवाय त्यांचा चहा संपत नाही.

आणि या सैन्याचा खेळ म्हणाल तर वॉरहॅमर 40,000. अंतराळातल्या कधीच न संपणाऱ्या युद्धाचा, 1987 साली आलेला. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय याच शहरात, लेंटनमध्ये आहे. प्लॅस्टिकचे सैनिक सुटे भाग कापून जोडायचे, रंगवायचे आणि मग टेप आणि फासे घेऊन लढवायचे. काकांकडे ऑर्क आहेत, भाचीकडे स्पेस मरीन्स, अगडबंब चिलखतवाले. त्यांच्या पलटणींना चॅप्टर म्हणतात आणि खेळाच्या कथेत असे सुमारे हजार चॅप्टर आहेत. पुस्तकात त्यातल्या मोजक्यांचेच रंग आणि इतिहास दिलेत, बाकीची जागा मोकळी. कंपनीची ही हुशारी मला आवडते.

गंमत अशी की लाल रंगाचा एक नामांकित चॅप्टर पुस्तकात तयारच आहे, ब्लड एंजल्स. भाचीनं तो घेतला असता तर कथा, बिल्ले, वीरपुरुष सगळं आयतं मिळालं असतं. मी तसं सुचवून बघते.

"मावशी, ते लाल वेगळं," ती म्हणते. "हे गॅरिबाल्डी लाल आहे."

1865 साली क्लब निघाला तेव्हा इटलीच्या गॅरिबाल्डीच्या लालडगल्या सैनिकांवरून फॉरेस्टनं हा रंग उचलला. म्हणजे खऱ्या लढवय्यांच्या अंगावरून तो फुटबॉलवाल्यांच्या अंगावर आला आणि आता दिव्याखालच्या प्लॅस्टिकच्या शिपायांवर चढतोय. जुळवायला तिनं क्लबचा लोकरी मफलर टेबलावर पसरलाय, पण डबीतला रंग हुबेहूब मफलरचा असला तरी एवढ्याशा पुतळ्यावर तो काळपट दिसतो. लहान वस्तूवर रंग थोडा उजळच घ्यावा लागतो. त्यात लाल हा मुलखाचा पारदर्शक. काळ्या अस्तरावर तो बसतच नाही. म्हणून आधी तपकिरी, मग पाणी घालून लालाचे दोन पातळ हात, मग सांध्यांच्या खाचांत गडद पातळ रंग सोडायचा, आणि शेवटी कडांवर उजेड.

तो उजेड पांढऱ्यानं आणायचा नाही. लालात पांढरा मिसळला की गुलाबी होतो. ती नारिंगी घेते, ब्रशचं टोक नव्हे तर कूस चिलखताच्या कडेवरून अलगद फिरवते, आणि कड आपोआप चमकून उठते.

"गुलाबी झालं तरी बिघडत नाही," काका मान वर करतात. "युव्हेंटस आधी गुलाबीच होतं. 1903 साली इथून काउंटीचे शर्ट गेले, तेव्हा कुठे ते माणसांत आले."

हे खरं आहे. तुरिनच्या त्या बलाढ्य क्लबाचे काळे-पांढरे पट्टे मूळचे नॉट्स काउंटीचे.

"आणि आर्सेनलला 1886 मध्ये लाल शर्ट कुणी दिले?" भाची ब्रश धुता धुता विचारते. काका उत्तर देत नाहीत. फॉरेस्टनं दिले, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आता तिच्या हातात दुसरा मरीन आहे. चण्याएवढ्या खांद्यावर तिला क्लबच्या बिल्ल्यातलं झाड काढायचंय, खाली ट्रेंटच्या लाटा. घरच्या प्रिंटरवर पारदर्शक कागदावर छापून चिकटवता आलं असतं, पण असा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि झाड तर पांढरंच हवं. त्यामुळे हातानं. आधी एक उभी रेघ, मग तिच्यावर त्रिकोण, मग त्रिकोणाच्या कडा लालानंच आतून कोरत आणायच्या. म्हणजे झाड काढायचं कमी आणि झाडाभोवतीची हवा काढायची जास्त. जर्सीचा आकडा पाठीवर येत नाही, कारण स्पेस मरीनच्या पाठीवर यंत्राचं मोठं धूड असतं. आकडे गुडघ्यावर गेलेत. एकाच्या गुडघ्यावर 11 आहे, जॉन रॉबर्टसनचा. 1980 साली माद्रिदमध्ये हॅम्बुर्गविरुद्ध त्याच्या एकमेव गोलावर फॉरेस्टनं लागोपाठ दुसऱ्यांदा युरोपियन कप जिंकला. तेव्हा भाचीची आईसुद्धा शाळेत जात नव्हती.

पथकात पाच जण आहेत, त्यातला एक अख्खा हिरवा. हा गोलकीपर.

"माझे ऑर्क त्याला आपला भाऊबंद समजतील," काका कुरकुरतात. ऑर्कांची कातडी हिरवी असते.

रंग वाळतो. ॲक्रिलिक असल्यामुळे फार वेळ लागत नाही. सामन्यांच्या नियमांत पूर्ण रंगवलेल्या सैन्याला शंभरापैकी दहा गुण मिळतात, पण काकांचा घरचा नियम त्याहून कडक: कोरा गडी मैदानात उतरणार नाही. गोलकीपर आज पूर्ण झाला, म्हणून आज खेळ. रंगाच्या डब्या खिडकीत जातात आणि टेबलावर पडक्या इमारती मांडल्या जातात.

पहिली पाळी ऑर्कांची. यांची नेमबाजी मुळातच भिकार. फाशावर पाच किंवा सहा पडल्याशिवाय लागत नाही.

"आमच्या फॉरवर्ड लायनीसारखीच," काका म्हणतात आणि फासा टाकतात. सहा. रॉकेट लागतं. पुढचा फासाही त्यांच्याच बाजूनं पडतो.

आता मार कुणी खायचा हे ज्याचं पथक त्यानं ठरवायचं. मागच्या कोपऱ्यात एक बिनआकड्याचा मरीन उभा आहे, तो गेला तर कुणाला काही वाटणार नाही. मी त्याच्याकडे बोट करते. भाची मान हलवते आणि हिरव्याला पुढे सरकवते.

"अडवणं त्याचंच काम आहे."

रॉकेटपुढे चिलखत कमी पडतं, वाचायला पाच किंवा सहा हवा. चार पडतो.

"तुमच्या शिल्टननं अडवला असता, डक."

"शिल्टन काउंटीत असता तर त्याला दिवसभर दुसरं कामच नसतं," ती म्हणते. पण हिरवा पुतळा उचलून खोक्यात ठेवताना त्याची मान ती बोटानं पुसते. तासाभरापूर्वीचा रंग अजून जपावा लागतो.

मग तिची पाळी. मूठभर फासे हातात घोळवत ती समोरच्या दोन टोळ्या न्याहाळते. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्हींच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे.

"कुठल्या टोळीच्या बंड्यांना जास्त वेळ लागला?" ती साळसूदपणे विचारते.

काका तितक्याच साळसूदपणे उजवीकडची दाखवतात.

"मावशी, तू बसली होतीस ना इथे. खरं सांग."

मी डावीकडची दाखवते. फितुरी म्हणा हवं तर.