माहिती चौकट : अंबाजोगाई प्रकरण आणि बालसंरक्षणाचा कायदा

कायदा कुठे अडतो?

नोव्हेंबर २०२१. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे प्रकरण. बालविवाह झालेल्या १६ वर्षांच्या मुलीने, सहा महिन्यांत शेकडो जणांनी अत्याचार केल्याची तक्रार बीडच्या बालकल्याण समितीपुढे मांडली. त्यात एक पोलिसही होता आणि आधी ठाण्यात दाद मिळाली नाही, हे तिचे म्हणणे. कायदा मात्र अपुरा नव्हता. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा; गावातला प्रतिबंधक अधिकारी म्हणजे तेव्हाचा ग्रामसेवक. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. राज्यात सुमारे २२ टक्के. बीडमधून ऊसतोडीला जाताना मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचे, ही आईबापांची अडचण खरीच आहे. पण लग्न हे संरक्षण नव्हे : अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ ऑक्टोबर २०१७चा.

‘कुणी कळवलेच नाही’ ही सबबही टिकत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) अत्याचार माहीत असून न कळवणे हा गुन्हा आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते. अध्यक्ष व चार सदस्यांच्या या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, आणि तक्रारीविना स्वतःहून दखल घेण्याचेही.

- पीडित बालकाची ओळख उघड करणे : गुन्हा
- चाइल्ड हेल्पलाइन : १०९८