कुलचिन्हविद्या

कुलचिन्हविद्या : व्यक्तीची वा घराण्याची ओळख पटविणाऱ्या, मुख्यतः ढालीवर अंकित केलेल्या चिन्हांची योजना, वर्णन व नियमन यांचे शास्त्र. ध्वज, मुद्रा यांसारखी ओळखचिन्हे प्राचीन काळापासून सर्वत्र आढळतात; तथापि चिन्ह वंशपरंपरेने चालत आलेले, निश्चित नियमांनी बांधलेले व धारकाच्या मान्य हक्काचे असेल, तरच ते काटेकोर अर्थाने कुलचिन्ह ठरते.

ही पद्धती बाराव्या शतकाच्या मध्यास पश्चिम यूरोपात उदयास आली. शिरस्त्राणामुळे योद्ध्याचा चेहरा झाकला जाई. म्हणून ढालीवरील चिन्हावरून त्याची ओळख पटविण्याची गरज भासली, असे सामान्यतः मानतात. चिलखतावरील अंगरख्यावरही हेच चिन्ह असे. त्यावरून ‘कोट ऑफ आर्म्स’ ही संज्ञा रूढ झाली. आंझूचा जेफ्री (मृ. ११५१) याच्या समाधीवरील मीनापट्टावर सोनेरी सिंहांची निळी ढाल दिसते, तशीच ढाल त्याचा नातू विल्यम लाँगस्पे यानेही धारण केली. धातुवर्णावर (सोनेरी, रुपेरी) धातुवर्ण आणि रंगावर (तांबडा, निळा, काळा इ.) रंग येऊ नये, हा या विद्येचा मूलभूत नियम होय, दुरून चिन्ह स्पष्ट दिसावे, हा त्यामागील हेतू. इंग्लंडमध्ये १४८४ मध्ये या कामासाठी अधिकृत संस्था स्थापन झाली.

महाराष्ट्रात भगवा झेंडा, जरीपटका व राजमुद्रा ही सत्तेची चिन्हे होती. देवक वंशपरंपरागत असले, तरी ते विवाहसंबंध व कुलाचार यांच्याशी निगडित आहे; ते ढालीवर मिरविण्याचे चिन्ह नव्हे. यूरोपीय धर्तीची कुलचिन्हे संस्थानिकांना मुख्यतः १८७७ च्या दिल्ली दरबारात मिळाली. बंगाल सनदी सेवेतील रॉबर्ट टेलर याने त्यांची योजना करून ती रेशमी ध्वजांवर अंकित करविली. त्यांत देशी परंपरेतील प्रतीकेही घेतली गेली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हात नाग आढळतो, तर खोगीर हेच घर व खोगीर हेच सिंहासन, असा बडोद्याच्या गायकवाडांच्या बोधवाक्याचा आशय आहे. ही चिन्हे गौरवाची असली, तरी ती प्रदान करणारी सत्ता सार्वभौम व स्वीकारणारा मांडलिक, हा अर्थही त्यांत अनुस्यूत होता.

संस्थानिकांची राजमान्यता १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संपुष्टात आली. त्यांची कुलचिन्हे आता ऐतिहासिक व कौटुंबिक महत्त्वाचीच उरली आहेत. रणांगणावरील ओळखीचा मूळ हेतू मात्र लष्करी चिन्हांत टिकून आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरानजीकच्या भिंगार छावणी परिसरात चिलखती दलाचे केंद्र असून तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये स्थापन झाले. या दलातील जुन्या रिसाल्यांच्या बिल्ल्यांवर पूर्वी ब्रिटिश राजमुकुट असे; २६ जानेवारी १९५० पासून भारतीय सैन्यात त्याची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. घराण्याऐवजी प्रजासत्ताक हे निष्ठेचे अधिष्ठान झाले, याची ही खूण होय.