आधी थवा बघा, मग पाणी, औषध शेवटी
अ‍ॅक्वेरियममधल्या छोट्या माशांच्या तब्येतीविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

परतवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर मुक्कामाला असतो आणि हिवाळ्यात सातपुड्याकडून येणारी थंडी घरातल्या पाण्यालाही गार करते. अशा गावात निऑन टेट्रा किंवा झेब्रा डॅनिओ पाळणारी घरे कमी नाहीत. निऑन मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. दोघेही तीन-चार सेंटिमीटरचे आणि दोघेही थव्याने राहणारे. त्यांच्या आजाराची लक्षणे बहुतेक वेळा समोरच असतात, पण आपण त्यांचा अर्थ चुकीचा लावतो. म्हणून नेहमी कानावर पडणारे हे सात गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : मासे घट्ट घोळका करून फिरतात, म्हणजे मजेत आहेत.

वस्तुस्थिती : निवांत असलेला थवा सैल असतो. मासे एकमेकांच्या नजरेत राहतात, पण थोडे पांगून आपापले चरतात. भीती वाटली की ते एकमेकांना चिकटतात. टाकी नवी असेल, दिवा एकदम लागला असेल, कोणी काचेवर टकटक केली असेल किंवा सोबत मोठा मासा असेल, तर घोळका घट्ट होतो. तो दिवसभर एकाच कोपऱ्यात दाटून राहिला तर कारण शोधायला हवे. संख्या कमी असणे हेही एक कारण आहे. दोन-तीन निऑन सतत धास्तावलेले राहतात, त्यामुळे किमान सहा आणि शक्य असेल तर आठ-दहा ठेवावेत.

थव्यातून सुटलेला मासा हे त्याहून महत्त्वाचे लक्षण आहे. शिकारी माशाची नजर वेगळ्या दिसणाऱ्या माशावर आधी जाते, त्यामुळे आजारी मासा अंगात ताकद असेपर्यंत इतरांबरोबर राहण्याची धडपड करतो. तो एकटा, मागे किंवा झाडाआड दिसू लागतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. म्हणून रोज खाणे टाकताना सगळे मासे मोजा. त्या वेळी ते पुढे येतात, आणि कोण आला नाही, कोण उशिरा आला, हे लगेच कळते.

गैरसमज २ : खातोय ना, मग ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती : अनेक आजारांत मासे सुरुवातीला नेहमीसारखेच खातात. खाऊनही पोट खपाटीला गेलेले आणि पाठ वाकलेली दिसली तर आतले परजीवी किंवा जुनाट संसर्ग असू शकतो. उलट पोट फुगून खवले उभे राहिले तर ती अंडी नसतात. शरीरात पाणी साठल्याची ती खूण आहे. निऑनच्या स्नायूंत प्लायस्टोफोरा नावाचा सूक्ष्म परजीवी शिरला की रंगीत पट्ट्यात पांढुरके, फिकट चट्टे पडतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही. मेलेल्या माशाला इतरांनी टोचून खाल्ले की तो पसरतो. म्हणून संशयित मासा वेगळा ठेवावा आणि मेलेला मासा दिसताक्षणी बाहेर काढावा.

गैरसमज ३ : सकाळी रंग उडालेला दिसला, म्हणजे आजार आला.

वस्तुस्थिती : अंधारात निऑनचा निळा पट्टा मंदावतो आणि जांभळट होतो. ही त्याची रोजची पद्धत आहे. दिवा लागल्यावर थोड्या वेळात चमक परत येते. दुपारपर्यंतही ती आली नाही, किंवा सगळ्यांत एकच मासा फिका राहिला, तरच काळजी करावी.

गैरसमज ४ : वर येऊन तोंड उघडतात, म्हणजे भूक लागली.

वस्तुस्थिती : ओळखीचा माणूस दिसल्यावर मासे वर येतात, ती गोष्ट वेगळी. पण सगळा थवा पृष्ठभागाला लागून घाईघाईने तोंडाची उघडझाप करत असेल तर त्याला प्राणवायू कमी पडतो आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातच्याही आत. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची गरज मात्र वाढते. मे महिन्यात दुपारी लाइन गेली आणि हवेचा पंप थांबला की तासाभरात हे चित्र दिसू शकते. अशा वेळी खाणे टाकले तर पाणी आणखी बिघडते.

बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. काचेचे झाकण काढून जाळी ठेवावी आणि पृष्ठभागावर पंख्याची हवा सोडावी. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ मात्र थेट टाकू नये, कारण एकदम झालेला बदल उष्णतेइतकाच घातक ठरतो. कल्ल्यांवरही लक्ष ठेवावे. थवा शांत असताना एकाच माशाचे कल्ले भरभर हलत असतील तर दोष पाण्यापेक्षा त्या माशाच्या कल्ल्यांत असण्याचा संभव जास्त.

गैरसमज ५ : पाणी नितळ आहे, म्हणजे चांगले आहे.

वस्तुस्थिती : माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. २५ अंशांच्या पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि उष्णतेने आणखी वाढतो. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. म्हणजे तेवढ्याच घाणीचा त्रास इथल्या माशांना जास्त होतो. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासण्याचे संच दुकानांत मिळतात. औषधाच्या बाटलीआधी ते घ्यावेत.

दर्यापूर, भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात क्षारांचाही प्रश्न आहे. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार टाकीतच राहतात. वरून तेच पाणी भरत राहिले तर खारटपणा वाढत जातो. म्हणून नुसते भरू नये, थोडे काढून मग भरावे. निव्वळ आरओचे पाणीही योग्य नाही, कारण त्यात माशांना लागणारी खनिजे जवळजवळ नसतात. नळाच्या पाण्यात ते मिसळून वापरावे.

गैरसमज ६ : मासा आजारी दिसला की टाकी रिकामी करून धुवायची आणि औषध ओतायचे.

वस्तुस्थिती : फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत राहणारे जिवाणू अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये करतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली स्पंज खळखळून धुतला की क्लोरिनने ती वस्ती मरते आणि मासे उघडे पडतात. मिथिलिन ब्ल्यूसारखी औषधे मुख्य टाकीत ओतली तरी या जिवाणूंना फटका बसतो. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरिन काढलेले आणि टाकीइतक्याच तापमानाचे असावे, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

अंगावर मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो इक हा परजीवी. थंडीत रात्री पाण्याचे तापमान घसरले की तो हमखास डोके वर काढतो. ठिपक्यात असताना त्याला औषध लागत नाही. ठिपका गळतो, तळाशी त्याचे शेकडो पिल्लांत विभाजन होते, आणि ती नवा मासा शोधत पोहतात तेव्हाच औषध त्यांना मारते. म्हणून ठिपके गेले तरी उपचार पूर्ण मुदतीचे करावेत.

आजार बहुतेकदा नव्या माशांबरोबर घरात येतो. दुकानातले मासे बरेचदा कोलकाता, चेन्नईहून लांबचा प्रवास करून थकून आलेले असतात. त्यांना दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवले तर जुना थवा वाचतो.

गैरसमज ७ : नकोसे झालेले मासे नदीत सोडले की पुण्य लागते.

वस्तुस्थिती : मेळघाटातून येणारी सापन पुढे पूर्णेच्या आणि तापीच्या खोऱ्याला मिळते. टाकीतल्या माशांबरोबर त्यांचे परजीवीही तिच्यात उतरतात. जगलेले परदेशी मासे स्थानिक माशांचे खाणे आणि जागा बळकावतात. अ‍ॅक्वेरियममधून सुटलेल्या सकर माशाने देशातल्या अनेक जलाशयांत मच्छीमारांना हैराण केले आहे. पाळणे जमत नसेल तर मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाच्या हवाली करावेत. टाकीतून काढलेले पाणीही ओढ्या-नाल्यात टाकू नये. औषध किंवा मीठ घातलेले नसेल तर ते अंगणातल्या झाडांना घालावे. त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.