व्हिडिओ गेम आणि हिंसाचार : आरोप आणि वस्तुस्थिती

शाळेत गोळीबार होऊन मुले मृत्युमुखी पडली, की 'हे का घडले?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु तपास पूर्ण होण्यास महिने लागतात आणि वृत्तपत्रांना व दूरचित्रवाणीला उत्तर त्याच दिवशी हवे असते. अमेरिकेत गेली काही दशके असे तयार उत्तर म्हणून व्हिडिओ गेमकडे वारंवार बोट दाखविण्यात आले आहे. हे उत्तर कितपत खरे आहे आणि त्यावर विसंबल्याने कोणत्या गोष्टी नजरेआड होतात, याचा विचार शिक्षण व प्रशासन या क्षेत्रांतील सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

जुनाच आरोप

हा आरोप नवा नाही. पडद्यावरील आकृत्यांना मोटारीखाली चिरडण्याच्या 'डेथ रेस' या खेळावरून १९७६ सालीच अमेरिकेत गहजब झाला होता. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' व 'नाइट ट्रॅप' या खेळांसंबंधी सिनेटमध्ये सुनावणी झाली. त्यातूनच कोणता खेळ कोणत्या वयाच्या मुलांस योग्य, हे ठरविणारे मंडळ १९९४ मध्ये या उद्योगाने स्थापन केले.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन विद्यालयात दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात १२ विद्यार्थी व एक शिक्षक ठार झाले. हे दोघे 'डूम' हा खेळ खेळत असत, ही गोष्ट खरी होती. परंतु तोच खेळ त्या काळी लक्षावधी मुले खेळत होती आणि त्यांनी कोणावरही शस्त्र उगारले नव्हते. जी गोष्ट इतक्या मुलांत समान आहे, तिच्यावरून दोघांच्या कृत्याचा उलगडा होत नाही.

घाईचे निदान

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. हल्लेखोराबद्दल फारशी माहिती उपलब्ध होण्यापूर्वीच दूरचित्रवाणीवर व्हिडिओ गेमला दोष देण्यात आला. पुढे राज्याने नेमलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात निराळेच चित्र पुढे आले. या विद्यार्थ्याने मानसिक उपचार घ्यावेत, असा आदेश डिसेंबर २००५ मध्येच देण्यात आला होता; त्याचा पाठपुरावा झाला नाही. प्राध्यापक, पोलीस व समुपदेशन केंद्र यांच्याकडे त्याच्याविषयी थोडीथोडी माहिती होती. ती एकत्र आली नाही. गोपनीयतेच्या कायद्यांचा चुकीचा अर्थ लावला गेला, हे त्याचे एक कारण होते.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक प्राथमिक शाळेत २० बालके व ६ कर्मचारी मारले गेले. पहिल्या काही तासांत प्रसारमाध्यमांनी हल्लेखोर म्हणून त्याच्या निरपराध भावाचेच नाव जाहीर केले. त्या भावाने समाजमाध्यमावर 'मास इफेक्ट' या खेळाला पसंती दर्शविलेली आढळताच लोकांनी त्या खेळावर संतापाचा भडिमार केला. नोव्हेंबर २०१३ च्या सरकारी अहवालानुसार खऱ्या हल्लेखोराकडे हिंसक खेळ होते. मात्र एका चित्रपटगृहात तो तासन्‌तास खेळे तो पावलांनी ताल धरण्याचा नृत्याचा खेळ होता. हत्येचा निश्चित हेतू तपासात सिद्ध झाला नाही.

संशोधनाचा कौल

हिंसक खेळांची अल्पवयीन मुलांना विक्री करण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरविला. असे खेळ मुलांच्या आक्रमक वर्तनास कारणीभूत होतात, हे पुढे ठेवलेल्या अभ्यासांवरून सिद्ध होत नाही, असे बहुमताच्या निकालपत्रात नमूद करण्यात आले.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० च्या ठरावात दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. हिंसक खेळ व ओरडणे, ढकलणे यांसारखे आक्रमक वर्तन यांत अल्प प्रमाणात संबंध आढळतो. परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्यास शास्त्रीय आधार नाही आणि तसे केल्याने अन्य कारणांकडे दुर्लक्ष होते.

माध्यमांच्या वर्तनाचाही अभ्यास झाला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २०४ सामूहिक गोळीबारांसंबंधीच्या दोन लाखांवर बातम्या तपासण्यात आल्या. शाळेतील हल्लेखोर श्वेतवर्णीय असल्यास व्हिडिओ गेमचा उल्लेख होण्याचे प्रमाण, तो कृष्णवर्णीय असतानाच्या तुलनेत आठपटींहून अधिक होते. खेळ तेच असताना दोष मात्र हल्लेखोराचा वर्ण पाहून दिला जातो, असा याचा अर्थ होतो.

खऱ्या खुणा कोणत्या?

अमेरिकेच्या गुप्त सेवेने व शिक्षण खात्याने १९७४ ते २००० या काळातील शाळांवरील ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ४१ हल्लेखोरांपैकी हिंसक व्हिडिओ गेममध्ये रस असलेले शेकडा १२ होते. स्वतःच्या निबंध, कविता, रोजनिशी इत्यादी लेखनातून हिंसा व्यक्त करणारे मात्र शेकडा ३७ होते. शेकडा ६८ जणांनी बंदूक स्वतःच्या वा नातेवाइकाच्या घरातूनच मिळविली होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेकडा ८१ घटनांत हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे, हे दुसऱ्या कोणाला तरी आधीच ठाऊक होते; बहुधा एखाद्या मित्राला किंवा वर्गबंधूला.

आपल्या देशातही हा विषय नवा राहिलेला नाही. मार्च २०१९ मध्ये गुजरातमधील राजकोट येथे पोलिसांनी 'पबजी' खेळण्यास मनाई केली आणि काही तरुणांना त्यासाठी अटकही झाली. खेळाच्या अतिरेकाने मुलांची झोप, अभ्यास व प्रकृती बिघडते, ही चिंता खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात २०२२ पासून खेळाच्या विकृत आसक्तीचा समावेश आहे. परंतु आसक्ती हा एक प्रश्न आणि हिंसाचार हा दुसरा. दोहोंवर एकच उपाय चालणार नाही.

मुलाच्या हातातील खेळ काढून घेणे सोपे असते. त्याच्या वहीतील मजकूर वाचणे, एकाएकी अबोल झालेल्या मुलाची चौकशी करणे, मित्राबद्दल काळजीचे काही सांगू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला निर्भयपणे बोलू देणे आणि शिक्षक, पालक व डॉक्टर यांच्याकडील माहिती एकत्र आणणे, ही कामे कष्टाची आहेत. परंतु वरील सर्व अहवाल पाहता, अनर्थ टाळण्याची शक्यता याच कामांत आहे.